पहिला आठवडा

वेदीवरून माणसे फार चांगली दिसतात, असा आम्हा धर्मगुरूंचा एक समज असतो. कोण उशिरा आला, कोण प्रवचनात पेंगतो आहे, कोण कम्युनियन घेऊन परस्पर दाराबाहेर पडतो, हे सारे तेथून दिसते हे खरे. परंतु दिसणे आणि कळणे यांत अंतर असते. पंचवीसहून अधिक वर्षे धर्मगुरू म्हणून काढल्यानंतर हे अंतर मला ज्या प्रसंगाने उमगले, तो घडला अमेरिकेत, सप्टेंबर २०२३ मध्ये; आणि त्याला निमित्त झाला एक खेळ.

बिशपांच्या परवानगीने त्या वर्षी चार महिन्यांसाठी मी न्यू जर्सी राज्यातील एका धर्मग्रामात मदतनीस धर्मगुरू म्हणून गेलो होतो. पोहोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवार, ७ सप्टेंबरला, तेथील प्रमुख धर्मगुरूंनी रात्रीचे जेवण टेबलाऐवजी दूरचित्रवाणीसमोर मांडले. "फादर, आजपासून आमचे खरे वर्ष सुरू होते," ते हसत म्हणाले. त्या रात्री अमेरिकन फुटबॉलच्या हंगामाचा पहिला सामना होता.

ज्याला आपण फुटबॉल म्हणतो, त्याला तेथे सॉकर म्हणतात. त्यांच्या फुटबॉलमध्ये लंबगोल चेंडू हातात धरून पळतात अथवा फेकतात, आणि पायाचा उपयोग क्वचितच होतो. प्रमुख धर्मगुरूंनी मिठाची व मिऱ्याची डबी टेबलावर सरकवत मला नियम समजावून दिले. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. मैदान शंभर यार्डांचे. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. तेवढे साधले तर पुन्हा चार. असे रेटत रेटत प्रतिपक्षाची शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण. या साऱ्या हालचालींचा सूत्रधार तो क्वार्टरबॅक. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो आणि पुढे काय करावयाचे याचा निर्णय त्याला काही क्षणांत घ्यावा लागतो. संघाचे दैव पुष्कळदा त्या एका माणसाच्या खांद्यावर असते.

नियम समजले, तरी त्या खेळापायी लोकांची एवढी घालमेल का होते, हे मला समजेना. पुढे हिशेब कळला. या व्यावसायिक लीगची स्थापना १९२० साली ओहायो राज्यातील कॅन्टन या गावी झाली. आज तिच्यात ३२ संघ आहेत. बेसबॉलचा संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो, बास्केटबॉलचा ८२. फुटबॉलचा संघ मात्र अवघे १७. म्हणजे येथील एक पराभव बेसबॉलच्या नऊ-दहा पराभवांइतका जड. त्यातच फेब्रुवारीत अंतिम सामना झाला की सप्टेंबरपर्यंत जवळजवळ सात महिने उपवास. त्या काळात चालतात ती फक्त भाकिते. सराव सामने होतात, पण त्यांत मुख्य खेळाडू फारसे उतरतच नाहीत. त्यामुळे पहिल्या आठवड्यात पानात जे वाढले जाईल, त्यावर लोक तुटून पडतात. आणि पहिल्या घासावरूनच सबंध जेवणाची चव सांगून मोकळे होतात.

त्या गुरुवारी कॅन्सस सिटी चीफ्स हा विद्यमान विजेता संघ आपल्याच मैदानावर डेट्रॉईट लायन्सकडून २१-२० असा हरला. लायन्स म्हणजे १९९२ च्या जानेवारीनंतर बाद फेरीतला एकही सामना न जिंकलेला संघ. दुसऱ्या दिवशी सकाळी जो तो चीफ्सचा काळ संपल्याचे सांगत होता. मिस्सा आटोपून बाहेर आलेले भाविकही हेच बोलत होते. न्यूयॉर्क परिसरात तर १९८७ पासून रात्रंदिवस खेळांचीच चर्चा करणारे नभोवाणी केंद्र आहे. तेथे श्रोते दूरध्वनी करतात आणि आपापले निकाल ऐकवतात. प्रमुख धर्मगुरूंच्या मोटारीत ते केंद्र सदैव चालू असे.

रविवार, १० सप्टेंबर. त्या धर्मग्रामात माझा हा पहिलाच रविवार. अकराची मिस्सा माझ्याकडे होती. आयुष्यभर मराठीत प्रवचने केलेल्या माणसाला परक्या भाषेत आणि परक्या लोकांसमोर उभे राहताना जी धडधड होते, ती मला होत होती. त्या दिवशीचे शुभवर्तमान मत्तयच्या अठराव्या अध्यायातील होते: भाऊ चुकला तर प्रथम त्याला एकांतात गाठून त्याची चूक दाखवावी, असे प्रभूने सांगितले तो भाग. मी तयारीनिशी बारा मिनिटे प्रवचन केले.

कम्युनियनच्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ आले. सत्तरीचे, उंच, किंचित वाकलेले. अंगात एका फुटबॉल संघाची हिरवी जर्सी, तिच्यावर १२ हा आकडा. ख्रिस्तशरीर घेऊन ते आपल्या जागी परतलेच नाहीत. सरळ मधल्या वाटेने दारापर्यंत गेले आणि बाहेर पडले. दुपारी एक वाजता सामने सुरू होतात, हे मला शनिवारीच कळले होते. माझ्या मनात निकाल तयार झाला. शेवटच्या सूचना देताना मी म्हणालो, "काही जणांना प्रभूच्या आशीर्वादापेक्षा चेंडूची ओढ अधिक असते, असे दिसते."

लोक हसले. मला थोडे समाधानही वाटले. माझे उच्चार समजले नसतील कदाचित, पण विनोद तरी समजला होता.

एकांतात सांगण्याविषयी बारा मिनिटे बोललेल्या माणसाने, पाऊण तासही लोटला नव्हता तोच, एका भावाला त्याच्या पाठीमागे भर सभेत हास्यास्पद केले होते. मला त्यात काही विसंगत आहे असे त्या वेळी जाणवलेदेखील नाही.

त्या रात्री भर पावसात न्यूयॉर्क जायंट्स हा तेथील एक संघ डॅलस काउबॉईजकडून ४०-० असा धुऊन निघाला. हे मैदान न्यू जर्सीतच, ईस्ट रदरफर्ड येथे आहे. जायंट्स आणि जेट्स हे न्यूयॉर्कच्या नावाचे दोन्ही संघ तेथेच खेळतात. सोमवारी सकाळच्या मिस्सात २००१ साली त्याच तारखेला झालेल्या हल्ल्यातील मृतांसाठी आम्ही प्रार्थना केली. बाहेर आल्यावर थोडा वेळ सारे गंभीर होते. मग हलक्या आवाजात जायंट्सच्या प्रशिक्षकाचा विषय निघाला. त्या प्रशिक्षकाला फेब्रुवारीत वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान मिळाला होता. सप्टेंबरच्या एका पावसाळी रात्रीनंतर त्याला घरी पाठवावे की नाही, याचा खल चालू होता.

त्याच सकाळी माझाही निकाल लागला. कार्यालयातील बाईंनी फार संकोचाने मला सांगितले की, दोन कुटुंबांनी निरोप ठेवला आहे: नव्या फादरांचे बोलणे कळत नाही, अकराची मिस्सा पूर्वीप्रमाणे प्रमुख धर्मगुरूंनीच करावी. मला वाईट वाटले. एका रविवारावरून? मला स्थिरस्थावर तरी होऊ द्यायचे होते! बाईंना माझा चेहरा दिसला असावा. विषय बदलण्यासाठी त्या म्हणाल्या, "फादर, आज रात्री सभागृहात या. सगळे मिळून जेट्सचा सामना पाहणार आहेत."

"जेट्सचा सामना काल झाला ना?" मी विचारले.

"काल जायंट्सचा झाला. जेट्सचा आज रात्री आहे."

"आणि ती हिरवी जर्सी कोणाची?"

"जेट्सची," त्या म्हणाल्या.

मी गप्प झालो. रविवारी दुपारी त्या गृहस्थांच्या संघाचा सामनाच नव्हता.

रात्री सव्वाआठला सभागृह भरले. त्या वर्षी जेट्सच्या चाहत्यांना जो आनंद झाला होता, त्याचे कारण होते ॲरन रॉजर्स. चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, ३९ वर्षांचा हा क्वार्टरबॅक एप्रिलमध्ये ग्रीन बे पॅकर्स सोडून जेट्सकडे आला होता. जेट्स २०१० च्या हंगामानंतर एकदाही बाद फेरीत पोहोचले नव्हते. त्यांनी अजिंक्यपद मिळवले ते एकदाच, १२ जानेवारी १९६९ रोजी, आणि तेव्हापासून आजतागायत ते अंतिम सामन्यातसुद्धा पोहोचलेले नाहीत. १९६९ च्या त्या विजयाचा नायक जो नेमथ. त्याच्या पाठीवरचा आकडा १२.

ते वृद्ध गृहस्थ मागच्या रांगेत बसले होते. तीच जर्सी.

रॉजर्स हातात राष्ट्रध्वज घेऊन मैदानात धावत आला. सभागृह उभे राहिले. बफेलो बिल्सविरुद्ध सामना सुरू झाला. रॉजर्सच्या हाती चेंडू आला, पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी प्रतिपक्षाच्या खेळाडूने त्याला धरून खाली पाडले. तो उठला, दोन पावले टाकली, आणि पुन्हा खाली बसला. डाव्या टाचेमागचा स्नायुबंध तुटला होता. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत ते निश्चित झाले. त्याचा सबंध हंगाम चार डावपेचांत संपला.

सभागृहात जे झाले ते मी विसरणार नाही. एकाने टोपी जमिनीवर आपटली. एकजण "संपले, संपले" म्हणत बाहेर गेला. कोणी व्यवस्थापनाला शिव्या दिल्या: म्हातारा घोडा विकत घेतला म्हणून. हेच गृहस्थ पाच मिनिटांपूर्वी त्या घोड्यासाठी टाळ्या वाजवत होते. निम्मे लोक जाकीट चढवू लागले. तेव्हा मागून त्या वृद्धांचा शांत आवाज आला, "बसा रे. अजून तीन तासांचा खेळ आहे."

काहीजण बसले. मध्यंतरापर्यंत जेट्स ३-१३ असे मागे होते. मग हळूहळू त्यांच्या बचावफळीने बफेलोच्या क्वार्टरबॅकला जेरीस आणले, सामना १६-१६ असा बरोबरीत आला आणि जादा वेळेत गेला. तेथे झेव्हियर गिप्सन नावाच्या एका नवख्या पोराने लाथाडून आलेला चेंडू झेलला आणि तो ६५ यार्ड पळत सुटला. कोणत्याही संघाने निवडीच्या वेळी त्याचे नाव घेतले नव्हते. जेट्स २२-१६ असे जिंकले. जे बाहेर गेले होते, त्यांना हा क्षण मिळाला नाही.

लोक पांगल्यावर मी त्या गृहस्थांजवळ गेलो. "काल मी वेदीवरून एक वाक्य बोललो," असे म्हणून मी अडखळलो. ते म्हणाले, "माझ्या कानावर आले, फादर. पण काल आमचा सामना नव्हता."

"ते मला आज कळले."

त्यांनी खुर्च्या रचता रचता मला उरलेले सांगितले; तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून. त्यांची पत्नी तीन वर्षांपासून एका शुश्रूषागृहात होती. स्मृती गेलेली. साडेबारा वाजता तिच्यासमोर जेवणाचे ताट येते. परिचारिका भरवतात, पण ती तोंड उघडत नाही; त्यांच्या हातून मात्र चार घास खाते. मिस्सा आशीर्वादापर्यंत थांबून केली तर पोहोचायला उशीर होतो आणि ताट परत जाते. चाळीसहून अधिक वर्षे दोघांनी रविवारचे सामने शेजारी बसून पाहिले होते. "मला ती कधी ओळखते, कधी नाही," ते म्हणाले. "पण हा हिरवा रंग पाहिला की हसते. म्हणून सामना असो वा नसो, हीच घालतो."

मी काय बोलणार? मला माझे सेमिनरीतले दिवस आठवले. नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचा अविचारी निवाड्याविषयीचा विचार घोकला होता. शंका असेल तेथे दुसऱ्याच्या कृतीचा चांगलाच अर्थ घ्यावा, असे ते सांगतात. कोणी विचारील की, अशाने माणूस वारंवार फसणार नाही का? थॉमस ते मान्य करतात. वाइटाला चांगला समजून पुष्कळदा फसणे परवडले. पण क्वचितही चांगल्याला वाईट समजण्याची चूक होऊ नये, असे त्यांचे उत्तर आहे. परीक्षेत या प्रश्नाला मला उत्तम गुण मिळाले होते.

पुढच्या रविवारचे शुभवर्तमान त्याच अध्यायातील पुढचा भाग होता: क्षमा किती वेळा करावी, हा पेत्राचा प्रश्न. दोष चारचौघांत दिला होता, तेव्हा क्षमाही चारचौघांतच मागणे भाग होते. कोणाचेही नाव न घेता मी प्रवचनात म्हणालो की, गेल्या रविवारी या जागेवरून मी एका भावाविषयी काही न जाणता बोललो, आणि ते चुकीचे होते. या वेळी कोणी हसले नाही. कम्युनियन झाल्यावर ते वृद्ध नेहमीप्रमाणे दाराकडे गेले. त्या दिवसापासून दर सोमवारी मी त्यांच्याबरोबर शुश्रूषागृहात कम्युनियन घेऊन जाऊ लागलो.

मी परतलो तोवर हंगाम उतरणीला लागला होता. पुढे सारे निकाल हाती आले तेव्हा मी पहिल्या आठवड्याची भाकिते आठवून पाहिली. ज्यांचा काळ संपला होता त्या चीफ्सनी ११ फेब्रुवारी २०२४ रोजी अजिंक्यपद जिंकले. पहिल्या रात्री चाळीस गुणांनी जिंकलेले काउबॉईज बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात घरच्या मैदानावर हरले; हरवले कोणी, तर रॉजर्सने सोडलेल्या पॅकर्सनी. जेट्सविरुद्ध हसे झालेले बफेलो आपल्या गटात पहिले आले. ह्यूस्टनचा नवा क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड पहिला सामना ९-२५ असा हरला होता. तोच वर्षातला सर्वोत्तम नवखा आक्रमक खेळाडू ठरला. परंतु प्रामाणिकपणे सांगायचे तर सगळीच भाकिते खोटी ठरली नाहीत. लायन्स खरोखरच चांगले निघाले. जायंट्सचा हंगाम वाईटच गेला. जेट्स १७ पैकी १० सामने हरले. टोपी आपटणारा माणूस अगदीच चुकला होता असे म्हणता येत नाही.

म्हणूनच 'पहिला निकाल नेहमी चुकतो' असा सोपा धडा मी काढत नाही. तो कधी बरोबर असतो, कधी चूक. पण कोणता बरोबर आणि कोणता चूक हे पहिल्या आठवड्यात ओळखण्याचे साधन आपल्याजवळ नसते. खेळात यामुळे कोणाचे फारसे बिघडत नाही. प्रेक्षकांनी काहीही म्हटले तरी दुसरा आठवडा उजाडतो, संघ पुन्हा मैदानात उतरतो, आणि गुणतक्ता आपला आपण दुरुस्त होतो. माणसांच्या बाबतीत मात्र तसे घडत नाही. घरात आलेल्या सुनेविषयी, शाळेत आलेल्या शिक्षकाविषयी, धर्मग्रामात आलेल्या धर्मगुरूविषयी अथवा मागच्या बाकावरच्या माणसाविषयी आपण एकदा निकाल दिला की आपण त्याचा हंगामच थांबवतो. त्याला दुसरा सामना खेळायला मिळत नाही, कारण तो पाहायला आपणच बसत नाही. ज्या दोन कुटुंबांनी माझ्याविषयी निरोप ठेवला होता, त्यांपैकी एकाने डिसेंबरात निरोपाच्या वेळी मला घरी जेवायला बोलावले. दुसरे कुटुंब शेवटपर्यंत आठच्याच मिस्साला जात राहिले. त्यांना मी दोष देत नाही. माझे उच्चार त्यांनी एकदा तरी ऐकले होते. मी तर त्या वृद्धांना एक शब्दही विचारला नव्हता.

९ सप्टेंबर २०२४ रोजी, एक वर्षाने, रॉजर्स पुन्हा पहिल्या आठवड्याच्या सोमवारी मैदानात उतरला. जेट्स सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाकडून ३२-१९ असे हरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्या वृद्धांना दूरध्वनी केला. सामन्याविषयी विचारले. "अजून सोळा सामने आहेत," ते म्हणाले. मग मी त्यांच्या पत्नीविषयी विचारले. ती जुलैमध्ये निवर्तली होती.

थोडा वेळ आम्ही दोघेही बोललो नाही. मग ते म्हणाले, "फादर, हल्ली मी आशीर्वादापर्यंत थांबतो. आता कोठे पोहोचायचे नसते."

गेल्या रविवारी माझ्या धर्मग्रामात एक तरुण कम्युनियन घेऊन मागल्या दाराने निघून गेला. सूचना वाचताना माझी नजर त्याच्या पाठीवर गेली. मी पुढची सूचना वाचली.